फुगलेले कण

१२ जानेवारी

ऑफिसात नव्या वर्षाच्या डायऱ्या वाटल्या. दरवर्षी मी ती आईला देते, ती तिच्यात औषधांच्या वेळा लिहिते आणि महिन्याभरात हरवते. यंदा म्हटलं, आपणच लिहावी. घरी आल्यावर टेबलावर ठेवली, तर आईने उलटीपालटी करून पाहिली, पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाळला नाही आणलीस एक?"

बाळ बेचाळीस वर्षांचा आहे, दोन मुलांचा बाप आहे आणि कारखान्यात भट्टी सांभाळतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पण आईच्या लेखी तो अजून दुपट्यातच आहे. मला पदवी मिळाली त्या समारंभाला आई आली नव्हती, कारण बाळला ताप होता. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि ताप साधा होता. जाऊ दे. नव्या डायरीत पहिल्याच पानावर जुनं उगाळायचं नाही असं ठरवलं होतं.

माझं काम लिहिते. धातूचा केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा करून तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवायचा आणि त्याच्या पोटातले कण मोजायचे. पुस्तकात त्यांना अवक्षेप म्हणतात, आम्ही नुसतं कण म्हणतो. ॲल्युमिनियममध्ये जस्त आणि मॅग्नेशियम मिसळून भट्टीत हलक्या आचेवर ठेवलं की हे कण तयार होतात. बारीक आणि दाट असले तर धातू कणखर. आच जास्त लागली, किंवा फार वेळ लागली, की मोठे कण लहानांना गिळून फुगतात आणि धातू मऊ पडतो. सगळी गंमत एवढीच. मोठे लहानांना गिळतात हे एकदा आईला सांगितलं होतं, तर ती म्हणाली, "बाई गं, काय हे." आमच्या घरात उलटं झालं, हे तिला कुठे सांगा.

मायक्रोस्कोपच्या खोलीत बाराही महिने थंडी. यंत्राला ती लागते, माणसांना कोण विचारतो. चहा खालच्या मजल्यावरून आणायचा, आणि दोन घोट होईपर्यंत त्याचं पाणी होतं. बावीस वर्षं गार चहा पितेय.

२० जानेवारी

चहाचा प्रश्न सुटला. इतकी वर्षं कसं सुचलं नाही कोण जाणे.

नमुना घासून पातळ करायच्या आधी पितळी चकतीवर मेणाने चिकटवावा लागतो. त्यासाठी विजेवर तापणारी एक सपाट पट्टी आहे. आम्ही तिला तवा म्हणतो. मेण वितळण्यापुरता तवा मंद ठेवायचा, नमुना चिकटवायचा, लगेच उतरवायचा. मी उतरवत नाही. गार झाल्यावर वाकडा बसलाय असं दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी तो तव्याच्या कडेलाच ठेवते आणि घासायची वेळ आली की घेते. इतकी वर्षं हेच करतेय, कोणाचं काही अडलं नाही.

आज दुसऱ्या कडेला चहाचा कप ठेवला. तव्यावर कसकसले डाग, सरळ कप कसा ठेवणार, म्हणून खाली फरशीचा तुकडा ठेवला. मग फरशीतून ऊब वर येईना. बटण चांगलं वर फिरवलं आणि काम झालं. दुपारभर वाफाळता चहा. शेजारच्या खोलीतल्या सुरक्षा अधिकारी बाईंना कळलं तर भिंतीवर आणखी एक पाटी लागेल. सगळे त्यांना नियमावली म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात.

आईला फोनवर सांगितलं, आता चहा गरम मिळतो. ती म्हणाली, "बरं झालं हो." तेवढ्यात बाळचा दुसऱ्या फोनवर फोन आला म्हणून तिने माझा ठेवला.

१ फेब्रुवारी

रविवार. बाळराजे सहकुटुंब आले. आई सकाळपासून लगबगीत. एरवी गुडघे धरून बसते, आज ओट्याशी उभी राहून माझ्याच स्वयंपाकघरात मलाच हुकूम सोडत होती. तो आला, खुर्चीत पसरला, आणि सगळं घर त्याच्याभोवती फिरायला लागलं. तो काही मागत नाही, हे मान्य करते. मागावं लागतच नाही.

जाताना पिशवीतून एक स्टीलचा थर्मास काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, आई सांगत होती, ताईचा चहा गार होतो. यात सहा तास गरम राहतो, मी भट्टीवर हाच वापरतो, फक्त माझा पोचे आलेला आहे. आईने लगेच डोळ्यांना पदर लावला. मी बावीस वर्षं तिचं सगळं करतेय, माझ्यासाठी पदर भिजलेला पाहिला नाही. याने एक डबा आणला तर गंगा-यमुना.

मी थँक्यू म्हटलं. प्रश्न सुटलाय हे सांगितलं नाही, उगाच आणखी वाढवा कशाला. थर्मास ऑफिसात नेऊन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, खोक्यासकट. मला माझा चहा कोणाच्या उपकाराने नको.

९ फेब्रुवारी

शिड्या बनवणाऱ्या एका कारखान्याचा नमुना मोजला. नेहमीची तपासणी. या लोकांचे कण कायम चार-पाच नॅनोमीटर. आज पाहते तर नऊ, दहा. फुगून बसलेले. त्यांना तसं कळवलं. तर त्यांचा माणूस फोनवर हुज्जत घालायला लागला, की भट्टीत काहीच बदल नाही. सगळे असंच म्हणतात. हल्ली मन लावून काम करतं कोण? बटण दाबायचं आणि गप्पा मारायला जायचं. भट्टी म्हणजे लक्ष द्यायची गोष्ट आहे हे कोणाच्या गावीच नाही.

१७ फेब्रुवारी

काय योग आहे बघा.

एका सायकलस्वाराच्या पायडलची दांडी उतारावर तुटली. बिचारा तोंडावर आपटला. जबडा मोडला, खांदा निखळला, अजून दवाखान्यात आहे. दांडी ॲल्युमिनियमची. धातूत दोष होता का, हे आमच्याकडे विचारलंय. पाकीट उघडून कारखान्याचं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. बाळचा कारखाना. दांड्या ज्या भट्टीत जातात ती भट्टी बाळची.

मी सरळ साहेबांकडे गेले. सांगितलं, माझा सख्खा भाऊ तिथे आहे, हे काम दुसऱ्याला द्या. साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. मान वर न करता म्हणाले, बाई, तुमच्याइतकं काटेकोर इथे कोण आहे? तुम्ही नात्याकडे बघून आकडा बदलणार आहात का? मी म्हटलं, नाही. मग झालं तर, म्हणाले.

खरंच आहे. मी कोणाची भीड ठेवणारी नाही. उलट मीच मोजलेलं बरं. दुसऱ्या कोणी मोजलं आणि बाळ सुटला, तर बहिणीने सोडवला म्हणतील. घरी आईला काही बोलले नाही.

१९ फेब्रुवारी

दांडीच्या तुटलेल्या टोकाजवळून काप घेतला. सुरेख निघाला. तव्यावर चिकटवला आणि घासायला घेणार, तोच नियमावलीबाईंच्या प्रशिक्षणाला सगळ्यांनी यायचंच असा निरोप आला. जिन्यावरून कसं उतरावं, खुर्चीत कसं बसावं. सकाळी गेलेली मी संध्याकाळी सुटले. जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन चहा तेवढा घेतला. त्या रटाळ दिवसात तेवढंच सुख. कप हातात धरवेना इतका गरम होता.

दिवसभर तव्यावर राहिल्यामुळे नमुना मात्र झकास बसला. जराही हलला नाही. उद्या घासते.

२५ फेब्रुवारी

मोजून झालं. मायक्रोस्कोपवर कण काळे ठिपके दिसतात. पडद्यावर एकेका ठिपक्याभोवती वर्तुळ काढायचं. अर्धवट कापलेले सोडायचे, एकावर एक आलेले सोडायचे. मी तीनशेच्या वर मोजले. डोळ्यांत तेल घालून मोजले. मोठा दिसला म्हणून एक जास्त धरला नाही, की छोटा म्हणून एक सोडला नाही. हे मी शपथेवर सांगेन.

चांगल्या दांडीत सरासरी चार-पाच हवी. आली अकरा.

अकरा म्हणजे काठावरचं प्रकरण नाही. धातू भट्टीत विसरून गेल्यासारखं आहे. आकडा आला तेव्हा मी तो कागदावर दोनदा गिरवून लिहिला. वाईट वाटल्यामुळे असणार. मग पुन्हा एकदा दुसऱ्या जागेवर मोजलं. साडेअकरा. बाळच्या हातून भट्टी बिघडली, यात आता शंका नाही. कोणीतरी कधीतरी त्याची चूक काढायला हवीच होती. ती मोजमापानेच निघाली, रागाने नाही, हे बरं झालं.

चहा घेतला आणि खूप दिवसांनी तो मला गोड लागला.

२७ फेब्रुवारी

बाळ घरी आला, एकटाच. आई देवळात गेली होती. नमुना माझ्याकडे आलाय हे त्याला कारखान्यातून कळलं होतं. मी त्याला आधीच सांगितलं, की मला यावर बोलायची परवानगी नाही. तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. दाढी वाढलेली. त्याने रडगाणं गायलं नाही. मला वाटलं होतं गाईल.

म्हणाला, "ताई, काय दिसलं ते विचारतच नाही. मला फक्त माझ्या बाजूचं सांगू दे."

मग त्याने सांगितलं. तुटलेली दांडी ज्या घाण्यात भट्टीत गेली त्यातल्या दांड्यांचा कडकपणा त्याने स्वतः तपासला होता, सगळ्या बरोबर होत्या. भट्टीच्या तापमानाचा आलेख बरोबर आहे. तडा गेलाय तो पायडल बसवायच्या भोकाजवळच्या ओरखड्यातून, भोक पाडणाऱ्याची सुई घसरलेली असणार. ओरखडा मीही पाहिला होता. पण आम्हाला ओरखडा विचारलेला नाही, कण विचारलेत. कडकपणाही आमच्याकडे मागितलेला नाही. आणि त्यांचं कडकपणाचं यंत्र किती जुनं असेल देव जाणे.

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे नमुना कुठे तापतो का गं?"

"मेण वितळण्यापुरता. आम्ही काही भट्ट्या लावून बसत नाही."

"किती तापतो? किती वेळ?"

माझं डोकंच फिरलं. ज्याला गणितात तीनदा मी पास करवलं, तो मला माझं काम विचारतोय. म्हटलं, "बावीस वर्षं करतेय मी हे. तू मला शिकवू नकोस."

त्याने स्टूल ओट्याजवळ ओढलं. मग म्हणाला, त्याच घाण्यातली न तुटलेली दांडी कारखान्यात आहे, तीही मोज. निदान तुटलेलीचा दुसरा काप काढून बघ. मी म्हटलं, रीतसर अर्ज कर. नियम सगळ्यांना सारखे. त्याने मान हलवली. दारात चपला घालताना म्हणाला, "मला माझी भट्टी माहीत आहे, ताई." मला त्याच्या आवाजात आईच ऐकू आली. तिलाही बाळचं सगळं माहीत असतं.

आई आली तेव्हा स्टूल अजून ओट्यापाशीच होतं. तिने विचारलं, कोण आलं होतं? मी म्हटलं, कोणी नाही.

४ मार्च

अहवालावर सही केली. एक पान आणि दोन चित्रं. "कणांचा आकार अपेक्षेच्या दुपटीहून अधिक. उष्णता-प्रक्रिया मर्यादेबाहेर झाल्याचे स्पष्ट." साहेबांनी वाचला असं म्हणता येणार नाही, पण सही केली. म्हणाले, बाई, धन्य आहात, सख्ख्या भावालाही सोडलं नाहीत. दालनात दोघं-तिघं होते, त्यांनी ऐकलं. बावीस वर्षांत या माणसाने चारचौघांत माझं कौतुक केल्याचं आठवत नाही. मला भरून आलं, आणि ते मला आवडलं नाही.

१३ मार्च

आईला कळलं. भावजयीने सांगितलं. आई माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. ती बोलतच नाही. जेवायला वाढते, पाणी ठेवते, दिवा मालवते. मी आज तिला समजावून सांगितलं, की मी बाळविरुद्ध काही केलं नाही, मी फक्त मोजलं. आकडा माझा नाही, धातूचा आहे. ती भाजी निवडत होती. खाली बघूनच म्हणाली, "तू मोजलंस ना, मग झालं."

मी देठं उचलून कचऱ्यात टाकली.

२१ मार्च

बाळला काढलं. सतरा वर्षांची नोकरी. कारखान्याने जखमी माणसाची माफी मागितली आणि जबाबदार कामगारावर कारवाई केली असं छापून आणलं. नाव नाही छापलं, पण गावात सगळ्यांना माहीत. भट्टीवाला म्हणून त्याला आता दारातही कोणी उभं करणार नाही, असं भावजय फोनवर म्हणाली. ओरडली नाही, रडत होती. मला वाईट वाटलं. का नाही वाटणार? माझाच भाऊ आहे. पण एक माणूस दवाखान्यात पडलाय, त्याचं वाईट कोणाला वाटतंय? त्याचा जबडा मोडला तेव्हा या घरात कोणी पदर भिजवला नाही.

आज तव्याजवळ उभी राहून चहा प्यायले. हात गार पडले होते.

७ एप्रिल

आई गेली. म्हणजे बाळकडे. त्याला दुसऱ्या गावी पावाच्या बेकरीत काम मिळालंय. भट्टी ती भट्टीच, असं म्हणून तो हसला म्हणे. भावजयही आता कामाला जाते, मुलांजवळ कोणीतरी हवं. आईचे गुडघे माझ्याकडे जिना चढत नाहीत, तिकडे बरोबर चढतील.

न्यायला तो आला होता. खाली गाडीत बसून राहिला, वर आला नाही. आईची पिशवी मी खाली नेली. तो उतरला, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि मागच्या सीटवर ठेवली. अंगाला पावाचा वास येत होता. मी विचारलं, बरा आहेस ना? तो म्हणाला, "बरा आहे. तू?" मीही बरी आहे म्हटलं. आईने गाडीतून हात दाखवला. तो मला होता की शेजारच्या बाईंना ते समजलं नाही.

घरी येऊन दोन ताटं घेतली, मग एक परत ठेवलं.

१६ एप्रिल

आजचा दिवस नियमावलीबाईंचा. तव्यावर कप सापडला. काय तो थयथयाट. प्रयोगशाळेत खाणं-पिणं, तेही रसायनांच्या तव्यावर, विषबाधा झाली तर जबाबदार कोण? माझ्यादेखत फरशीचा तुकडा कचऱ्यात टाकला, बटण खाली आणलं आणि त्याच्यावर लाल चिकटपट्टी मारली, की याच्या वर कोणी फिरवायचं नाही. बावीस वर्षांच्या माणसाशी शाळेतल्या पोरीसारखं वागतात. साहेब मूग गिळून उभे. परवाच काटेकोर म्हणत होते ना मला?

पुन्हा गार चहा. संध्याकाळी कपाट आवरताना वरच्या फळीवर खोकं दिसलं. फेकून द्यावं म्हणून काढलं. मग म्हटलं, पैसे पडलेत त्याला, फेकायचं कशाला. आता इथे बघायला कोण आहे, मी कशातून चहा पिते ते. धुऊन ठेवला.

१४ मे

थर्मास बरा आहे. सकाळचा चहा चारला प्यायला तरी तोंड भाजतं.

कामाचंही चांगलं चाललंय. शिडीवाल्या कारखान्याचा नमुना आला होता, कण पुन्हा चार-पाचवर. म्हणजे मी खडसावलं त्याचा उपयोग झाला, भले त्यांचा माणूस हुज्जत घालो. दुसऱ्या दोन ठिकाणचेही छान, बारीक, दाट. आणि आज बाळच्या जुन्या कारखान्याची नवी दांडी. भट्टीवर आता नवा माणूस आहे. सरासरी साडेचार.

मी आकडा बघत बसले. साडेचार. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा? माणूस बदलला आणि भट्टी सुधारली. कोणाला दाखवायला जाणार नाही, पण मनावरचं ओझं उतरलं. मी चूक केली असती तर आज हा आकडा आला नसता.

२६ मे

बाळचा अर्ज आला. रीतसर. मीच सांगितलं होतं ना तसा. कारखान्याच्या जुन्या सह्या, शिक्के, सगळं जमवून पाठवायला त्याला तीन महिने लागले. तुटलेल्या दांडीचा दुसरा काप काढून पुन्हा मोजावा, अशी विनंती. खाली त्याचं आवळून लिहिलेलं अक्षर, शाळेपासून तसंच. साहेब म्हणाले, बाई, नियम आहे, करून टाका.

उरलेलं टोक आमच्या कपाटातच होतं. काप घेतला. चिकटवला. बटण लाल पट्टीपर्यंतच जातं, मेण वितळायला वेळ लागला. घासला. तीनशे मोजले. तेच डोळे, तीच वर्तुळं.

साडेचार.

पुन्हा दुसऱ्या जागी मोजलं. चार पूर्णांक सात दशांश.

असं होतं कधी कधी. दांडीच्या एका टोकाला आच जास्त लागते, दुसऱ्याला कमी. हे टोक भट्टीच्या दाराकडे असेल. किंवा कपाटात तुकड्यांची अदलाबदल झाली असेल, ते कपाट कोण आवरतं देवाला ठाऊक. मी बराच वेळ नमुने तयार करायच्या खोलीत जाऊन बसले. तव्याकडे बघत होते. कशाला, ते कळलं नाही. तो बंद होता आणि त्याच्यावर काही नव्हतं. मग तिथेच चहा ओतून घेतला आणि कप तव्यावर ठेवायला हात गेला, सवयीने. तो मागे घेतला. थर्मासमधला चहा तसाही गरमच होता, त्याला कशाची गरज नव्हती.

 

उत्तर लिहून टाकलं. "दुसऱ्या कापाच्या ओळखीबाबत खात्री देता येत नाही. मूळ निष्कर्षात बदल करण्याचे कारण दिसत नाही." सही केली. साहेबांनीही केली. ते वाचत नाहीत.

२९ मे

आईचा फोन आला. गेल्यापासून पहिल्यांदाच तिने आपणहून केला. मला वाटलं अर्जाचं विचारेल. उत्तर कालच त्यांच्याकडे पोचलं असणार. नाही विचारलं. मुलांच्या शाळेचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. बाळ पहाटे उठतो, पाव चांगले भाजतो, मालक खूश आहे, भट्टीवर त्याचा हात बसलेला आहे म्हणतो. मी हं हं करत राहिले.

मग तिचा आवाज जरा बाजूला गेला, कोणाशी तरी बोलली आणि परत आली.

"अगं, तो विचारतोय, त्या थर्मासात चहा राहतो का गं गरम?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. आई दोनदा हॅलो हॅलो म्हणाली. शेवटी मी म्हटलं, राहतो म्हणावं. तिने ते त्याला सांगितलं आणि फोन ठेवला.